निळा पट्टा

"काकू, चपला नका काढू," दारातच एक दाढीवाला मुलगा म्हणाला. "मागच्या बाईंनी चपला काढल्या आणि तिथंच सगळं फसलं."

मी एक पाय बाहेर काढला होता, तो परत चपलेत सरकवला. आत भलामोठा हॉल होता. खिडकी एकही नाही, भिंती काळ्या. छताखाली लोखंडी दांड्या आणि दांड्यांवर कॅमेरे, सगळ्यांची तोंडं मधल्या रिकाम्या जागेकडे. जणू सभेला सगळे येऊन बसलेत आणि ज्याच्यासाठी जमले तोच अजून यायचाय.

"हा ऋतुपर्ण, आमच्या इथल्या शूटिंगचा प्रमुख," प्रिसिला म्हणाली. "आणि ही माझी आई, रेमेदिया. वसईहून आलीय. ही तुमची नन."

"नन एकटीच नाही," ऋतुपर्ण म्हणाला. "शेतकरीण, सरदाराची विधवा, भिकारीण. खेळात जी जी बाई गुडघे टेकेल ती काकूच."

प्रिसिला, माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत होती. खेळ परदेशातल्या लोकांचा, त्यातली गावं, देवळं, माणसं घडवायचं काम इकडे. जुन्या युरोपातली गोष्ट होती. खेळणाऱ्यानं एक शिपाईगडी व्हायचं, गावोगाव फिरायचं, लढायचं, लोकांची कामं करून द्यायची. गावात चर्च, डोंगरावर मठ. म्हणजे प्रार्थना करणारी माणसं हवीत. माणसानं अंगाला गोळे लावून जे केलं ते कॅमेरे टिपून घेतात आणि चित्रातलं माणूस हुबेहूब तसंच करतं, हे मला प्रिसिलानं फोनवर समजावलं होतं.

"मागच्या बाई नाटकात काम करणाऱ्या. फार गुणी," ऋतुपर्ण सांगू लागला. "पण चर्चच्या दारात चपला काढल्या. मग हात जोडून कपाळाला लावले. आणि निघताना देवाला पाठ नको म्हणून उलट्या पावलांनी बाहेर आल्या. मालकांचा निरोप आला, अतिशय सुंदर आहे, पण हे कुठलं गाव?"

सगळे हसले.

"आमच्या जुन्या बायकाही काढायच्या चपला," मी म्हणाले. माझा आवाज मुळात लहान, तो कुणाला ऐकू गेला नाही. प्रिसिलाला गेला.

"आई, त्या युरोपात वसईकर नाहीत गं."

खरं सांगायचं तर मी या कामासाठी आलेच नव्हते. पुढच्या रविवारी ग्रेगरीला, माझ्या नवऱ्याला, जाऊन वर्ष होत होतं, चर्चमध्ये त्याच्या नावानं वर्षाची मिस्सा ठेवली होती. वाडीतली, गावातली सगळी येणार होती. प्रिसिला येणार की नाही, तेवढंच ठरत नव्हतं. बाबांच्या मातीच्या दिवसानंतर तिनं चर्चची पायरी चढली नव्हती. फोनवर विचारलं की "बघू" म्हणायची आणि बोलणं भलतीकडे न्यायची. तशात तिनंच हे काम सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. समोर बसून विचारलं तर नाही म्हणणं तिला जड जाईल असं मला वाटत होतं. तिच्यासाठी डबाभर सांदणं घेऊन पहाटेची मिस्सा आटोपून मी एसटीत बसले.

माझा नेम साधा आहे. रोज पहाटेची मिस्सा, शुक्रवारी उपास, संध्याकाळच्या घंटेला जपमाळ. लग्नाआधीपासूनचा. प्रिसिलाही माझ्याच हाताखाली वाढली. ग्रेगरीच्या आजारपणात तिनं बुधवारची नोव्हेना, ओळीनं नऊ बुधवारांची प्रार्थना, धरली होती. दर बुधवारी पुण्याहून यायची, चर्चमध्ये मेणबत्ती लावायची, बाबांच्या पायाशी बसून त्यांचे तळवे चोळायची आणि परत जायची. शेवटचा बुधवार पुरा झाला. त्याच आठवड्यात ग्रेगरी गेला.

कपडे बदलायच्या आधी प्रिसिलानं मला खेळ दाखवला. मोठ्या पडद्यावर एक शिपाईगडी चिखलातून चालला होता. पुढं चर्च होतं. तिनं ते किती निगुतीनं केलं होतं! खांबांना ओल आलेली, दारावरच्या देवदूताचं नाक झिजलेलं. माझ्या लेकीच्या हातचं काम म्हणून मी बघतच राहिले.

"आत चल," मी म्हटलं.

आत फादर उभे होते, हातात पेटी. शिपायानं पेटीत नाणं टाकलं, की फादरनं हात वर केला.

"हे काय झालं?"

"पाप धुतलं. आता गावातले लोक याला चोर म्हणणार नाहीत."

"शिपाई काही बोललाच नाही. काय पाप केलं तेही सांगितलं नाही."

"कोण वाचत बसणार ते सगळं, आई."

"आणि मठात?"

"मठात मठाधिपती धान्य दडवून बसलाय. एक सिस्टर वेडी आहे, एक विष घालते."

"सगळे असेच आहेत का?"

"एक फादर चांगला आहे."

"कुठे आहे तो?"

"पहिल्याच भागात मरतो."

शेजारची मुक्ता, गोळे चिकटवायचं काम करणारी मुलगी, खुदकन हसली. मलाही हसू आलं. माझा राग वगैरे काही नव्हता. वाईट फादर काय मी पाहिले नाहीत? पण चर्चमध्ये इतकी माणसं होती आणि नुसतं बसलेलं कोणी नव्हतं. जो तो काहीतरी विकत होता, दडवत होता नाहीतर कुणाची तरी वाट अडवून उभा होता. दुपारच्या वेळी आमच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर कोणी ना कोणी असतंच. टोपली बाजूला ठेवून, डोळे मिटून. कुणाशी काही बोलत नाही, उठून निघून जातं. तसं एकही माणूस तिथं नव्हतं.

मग शिपाई वेदीपुढं गुडघ्यावर बसला. पडद्याच्या कोपऱ्यात एक निळा पट्टा होता, तो सरसर भरत गेला.

"हा कसला?"

"श्रद्धेचा. प्रार्थना केली की भरतो. भरला की जखमा लवकर बऱ्या होतात, तलवारीला जोर येतो."

"आणि नाही भरला तर?"

"भरतोच. बटण दाबलं की भरतो."

"मग त्यात श्रद्धा कुठे आली?"

प्रिसिलानं हातातलं यंत्र खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"आपल्याकडे काय वेगळं असतं, आई? इतके बुधवार, इतक्या मेणबत्त्या. मी सगळी बटणं दाबली. एकही चुकवलं नाही. भरला का पट्टा?"

मुक्ता उठून गोळ्यांचा डबा आणायला गेली. मिस्सेचं विचारायचं ओठावर आलं होतं, ते तसंच गिळलं.

काळा घट्ट पोशाख चढवणं माझ्या वयाला शोभत नव्हतं, पण मुक्तानं फार अदबीनं घातला. अंगभर करडे गोळे लावले. गळ्यातला क्रूस काढून ठेवायला सांगितला, बोटातल्या अंगठीवर काळी पट्टी गुंडाळली. चमकणारी वस्तू दिसली की कॅमेऱ्याला तीही गोळाच वाटते म्हणे. जपमाळही नको म्हणाली.

"मग मी मोजू कशी?"

"बोटांवर मोजा ना, काकू. बोटं आम्हाला हवीच आहेत."

हॉलच्या मध्ये उभी राहिले. ऋतुपर्ण आणि प्रिसिला लांब अंधारात, टेबलामागे.

"काकू, प्रत्येक वेळी सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही हात आडवे पसरायचे. खांद्याच्या रेषेत. मान सरळ."

मी जरा घुटमळले. गुड फ्रायडेला क्रूसावरच्या ज्या येशूच्या पायांचं चुंबन घ्यायचं, त्याच्यासारखं आपणच उभं राहायचं म्हणजे संकोच वाटणारच. पण त्याला ते कसं सांगू? पसरले हात. समोरच्या पडद्यावर करड्या रंगाचं अफाट मैदान होतं, ना झाड ना घर, आणि त्यात काड्यांची बनवलेली एक बाई हात पसरून उभी होती. मी मान हलवली, तिनं हलवली. आजूबाजूला बघावं म्हणून वळले, तर तीही वळली. तिच्या आजूबाजूला काहीच नव्हतं.

ग्रेगरी गेल्यापासून घरात मी कशी वावरत असेन, ते मला पहिल्यांदा बाहेरून दिसलं.

काम सुरू झालं. पवित्र पाण्यात बोटं बुडवून क्रूसाची खूण, एका गुडघ्यावर झुकणं, बाकावर टेकणं. माझा उजवा गुडघा धरतो, म्हणून मी आधी डावा टेकते आणि पुढच्या बाकाला हात घालते. तिथं बाकाऐवजी लाकडी खोका ठेवला होता. दर वेळी मी "माफ करा हं, गुडघा" म्हणायची आणि ऋतुपर्ण म्हणायचा, "तेच हवंय काकू, तेच हवंय."

मग तो पुढे आला. "आता वेदीपुढचं. प्रार्थना झाली की हळूच वर बघायचं. आम्ही वरून प्रकाश सोडणार आहोत. चेहऱ्यावर आनंद, हात असे उघडलेले. त्याच वेळी पट्टा भरणार."

"तसं होत नाही," मी म्हटलं.

"काय होत नाही?"

"प्रकाश वगैरे."

"मग काय होतं, काकू?"

मी विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं.

"काही होत नाही. उठायचं, गुडघे झटकायचे, घरी जाऊन भात टाकायचा."

ऋतुपर्ण मनापासून हसला. "भात राहू दे. बाकीचं करा, जसं तुम्ही करता तसं."

टेबलामागून प्रिसिलाच्या हसण्याचा आवाज आला नाही.

जेवणानंतर शेवटचा प्रसंग होता. डोंगराच्या उतारावर एकटी कबर आणि तिच्यापाशी प्रार्थना करणारी विधवा. ऋतुपर्णनं जमिनीवर पट्ट्या चिकटवून कबरीचा आकार आखला होता. लांबी-रुंदी अगदी बरोबर होती. कुणाला विचारून केली होती की अंदाजानं, कोण जाणे.

हात पसरले, खाली घेतले, डावा गुडघा टेकला. आमच्या कबरस्तानात समुद्रावरचा वारा येतो, मेणबत्ती टिकत नाही. तिथं टेकलं की हात आपोआप आडवा जातो. तसाच तो गेला, नसलेल्या मेणबत्तीपुढं. दुसऱ्या हाताच्या बोटांवर मी मोजायला लागले.

करायचं होतं ते प्रार्थनेचं सोंग. ऋतुपर्णनं तसंच सांगितलं होतं, नुसते ओठ हलवा. पण गुडघा टेकून ग्रेगरीचं नाव मनात आल्यावर सोंग कुठून आणायचं? मी म्हणायलाच लागले.

आमच्यात जपमाळ एका तोंडाची नसते. एकानं प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा, उरलेला अर्धा बाकीच्यांनी पुरा करायचा. घरात तिघं होतो तेव्हा मी म्हणायची आणि बाप-लेक उत्तर द्यायचे, ग्रेगरी खर्जात आणि प्रिसिला घाईघाईत. शेवटी दोघंच उरलो, तरी ग्रेगरी झोपल्या जागेवरून पुटपुटायचा. त्याच्यामागं दोन्ही अर्धे मीच म्हणत होते. एकामागून एक, मधे श्वाससुद्धा न घेता. मधे थांबलं की घर फार मोठं व्हायचं.

त्या दिवशी मी पहिला अर्धा म्हटला आणि थांबले. का थांबले, मला आजही सांगता येणार नाही. मान जराशी डावीकडे वळली असेल. आमच्या घरात ग्रेगरीची खाट त्या बाजूला होती.

बोट त्याच पेरावर धरून ठेवलं.

आणि अंधारातून उरलेला अर्धा आला. घाईघाईत, शब्द एकमेकांवर चढलेले, तिची लहानपणापासूनची खोड.

मी वळून बघितलं नाही. पुढच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा म्हटला. उत्तर आलं. पुन्हा म्हटला, पुन्हा आलं. मधेच ऋतुपर्णची कुजबुज ऐकू आली, "झालं आपलं, कट करू का?" आणि प्रिसिला उत्तर अर्धवट न टाकता, ते पुरं करून मग म्हणाली, "थांब जरा. तिला संपवू दे."

संपलं. मी उठले, गुडघे झटकले, हात पसरून उभी राहिले. कोणी "झालं" म्हणेना. मग मुक्ता आली आणि माझ्या अंगावरचे गोळे एकेक करून काढायला लागली.

"मेणबत्ती होती ना ती, काकू?" तिनं हळूच विचारलं. "मला दिसली."

संध्याकाळी प्रिसिला मला स्टँडवर सोडायला आली. मी राहायला तयार होते, पण तिच्या कामाचे दिवस होते आणि मला पहाटेची मिस्सा चुकवायची नव्हती. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. तिनं सांदणाचा डबा मांडीवर धरला होता.

"प्रिसी, रविवारी येशील ना?"

"आई, आज मी जे म्हटलं ते सवयीनं. तोंडातून निघून गेलं. त्याचा अर्थ लावू नकोस."

"नाही लावत."

"मी तिथं उभी राहिले की मला ते बुधवार आठवतात. सगळे येऊन म्हणणार, देवाची इच्छा. मग माझ्या तोंडून काहीतरी जाईल, तुला मान खाली घालावी लागेल."

"मी घालीन खाली."

"पण मला नाही ना बघवणार," ती म्हणाली. "मी नाही येणार, आई."

गाडी लागली. तिनं माझी पिशवी वर ठेवली, खिडकीची जागा पुसून दिली, पाण्याची बाटली हातात दिली. खाली उतरून गाडी हलेपर्यंत उभी राहिली. वाटेत मी बोटांवर जपमाळ म्हटली. शेजारच्या बाईला वाटलं मी स्टॉप मोजतेय. "वसई यायला वेळ आहे हो अजून," ती म्हणाली. "झोपा तुम्ही."

रविवारी मिस्सा झाली. चर्च भरलं होतं. पहिल्या बाकावर घरच्यांची जागा मोकळी ठेवतात, तिथं मी एकटी बसले. फादर चांगलं बोलले. बाहेर आल्यावर ज्यानं त्यानं विचारलं, "प्रिसिला नाही आली?" आणि मी ज्याला त्याला सांगितलं, "कामात आहे." कबरीवर मेणबत्ती लावली. वारा होताच.

याला बरीच वर्षं झाली. प्रिसिला आता माँट्रियलला असते, तिथंही खेळच बनवते. लग्न केलं नाही. दोन वर्षांतून एकदा येते, कबरस्तानात माझ्याबरोबर येते, चर्चच्या आवारात फाटकापाशी थांबते. त्यापुढं मी कधी ओढलं नाही. आमची केळीची बाग मी आता दुसऱ्याला कसायला दिली आहे. संध्याकाळी घंटा झाली की दिवा लावते आणि दोन्ही अर्धे म्हणते.

रविवारी तिचा फोन येतो. तिकडे सकाळ असते, इकडे माझी जपमाळ आटोपलेली असते. गेल्या पावसाळ्यानंतरच्या अशाच एका रविवारी ती हसत म्हणाली, "आई, तुझ्यावर अजून तक्रारी येतात."

"माझ्यावर?"

"त्या खेळात डोंगरावर कबर आहे ना, तिथल्या बाईवर. तिच्याशेजारी गुडघे टेकता येतात, प्रार्थनेचं बटण आहे. पण दाबलं की निळा पट्टा भरत नाही. मीच तसं ठेवलं होतं, ऋतुपर्णशी भांडून. लोकांना वाटतं बिघाड आहे. जुन्या ऑफिसातले मला अजून पाठवतात, हे बघ, आज आणखी एकजण चिडलाय."

"तू असं का ठेवलंस?"

"तूच म्हणालीस ना, काही होत नाही म्हणून."

"मग लोक काय करतात तिथं?"

"एकदा दाबतात, शिव्या देतात, निघून जातात. त्या वाटेला पुन्हा कोणी जात नाही."

मी विचारलं, "तू जातेस?"

फोनमध्ये भांड्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"कधीतरी," ती म्हणाली. "रविवारी. तुला फोन करायच्या आधी."

"काय करतेस तिथं?"

"काही नाही गं. ती बाई मेणबत्तीपुढं हात धरते. ओठ हलवते. मग मान डावीकडे करते आणि थांबते. आवाज आम्ही भरलेलाच नाही तिथं. नुसती थांबते, वाट बघितल्यासारखी. पुन्हा ओठ हलवते, पुन्हा थांबते. तिचं आपलं चालूच राहतं."

"मग?"

"मग काय, आई. कोणीतरी पुरं करायला नको का?"

नाश्ता केलास का, एवढंच मी विचारलं. त्यावर बोलले असते तर तिनं ते हसण्यावारी नेलं असतं.